वरणगावच्या फलाटावरून जपानी रेल्वे : खानदेशातील लोहमार्ग आणि एका आदरभावाचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ जंक्शन सोडून पूर्वेस वळली की काही मिनिटांतच वरणगावचे स्थानक येते. त्यानंतर आचेगाव, बोदवड, मलकापूर अशी स्थानके ओलांडत हा मार्ग वऱ्हाडात उतरतो. बहुतेक जलद गाड्या वरणगावला थांबत नाहीत. त्यामुळे येथे वाढलेल्या मुलाचा आगगाडीशी पहिला परिचय प्रवासी म्हणून होत नाही, तो होतो प्रेक्षक म्हणून. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत असेच घडले. शाळकरी वयात वहीच्या मागच्या पानांवर इंजिनांचे क्रमांक आणि गाड्या गेल्याच्या वेळा टिपून ठेवण्याचा छंद जडला. वेळापत्रकातील वेळ आणि वहीतील वेळ यांतील अंतर मोजता मोजता एक प्रश्न मनात घर करून राहिला. ज्या देशात हे अंतर मिनिटांत नव्हे तर सेकंदांत मोजले जाते, त्या देशाने हे कसे साध्य केले असेल?

तो देश म्हणजे जपान. या प्रश्नाचे सोपे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. जपानी माणूस मुळातच शिस्तप्रिय आहे, असे म्हटले की चर्चा संपते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. शिस्त हा एखाद्या समाजाचा जन्मजात गुण मानला, तर तिच्या घडणीचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही आणि आपण तिच्यापासून काही शिकण्याची शक्यताही मावळते.

प्रस्तुत निबंधात खानदेशातील लोहमार्ग आणि जपानमधील लोहमार्ग यांच्या वाटचालीचा तुलनात्मक परामर्श घेतला आहे. त्याचबरोबर जपानविषयीचा आपल्याकडील आदर कोणकोणत्या टप्प्यांतून गेला, त्या आदराचा खरा विषय कोणता असावयास हवा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. निबंधाची पद्धती वर्णनात्मक व तुलनात्मक आहे. सांख्यिकीय तुलना हा तिचा हेतू नाही.

खानदेशात आलेला लोहमार्ग

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी धावली. ही घटना सर्वपरिचित आहे. तिच्यामागे जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांचा पुढाकार होता, हेही सर्वज्ञात आहे. तथापि या कंपनीचे भांडवल, तिचे संचालक आणि तिचे अंतिम निर्णय लंडनचे होते. १८४९ च्या करारान्वये कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी देण्यात आली होती. मार्ग तोट्यात गेला तर तूट भरून काढण्याची जबाबदारी हिंदुस्थानच्या महसुलावर, म्हणजेच पर्यायाने येथील रयतेवर पडत होती. खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड कंपनीला का वाटली नाही, याचे एक महत्त्वाचे कारण या हमीत सापडते.

सह्याद्री ओलांडण्यासाठी बोरघाट व थळघाट असे दोन मार्ग खोदण्यात आले. बोरघाटाचे काम १८६३ मध्ये, तर थळघाटाचे १८६५ मध्ये पूर्ण झाले. याच दशकात नाशिक, चाळीसगाव, जळगाव व भुसावळ हा पट्टा लोहमार्गाने जोडला गेला. भुसावळ येथे मार्गाला दोन फाटे फुटले. एक तापी ओलांडून खंडव्याकडे गेला व मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाला मिळाला. दुसरा वरणगाव व वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला.

या घाईमागील कारण कापूस हे होते. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. तेव्हा खानदेश व वऱ्हाड येथील काळ्या जमिनीकडे इंग्लंडचे लक्ष वळले. लोहमार्गाने खानदेशच्या शेतकऱ्याला बाजारपेठ दिली, हे नाकारता येत नाही. मात्र गाडी कोठून कोठे जावी, याचा विचार मुंबई बंदर डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. पुढे १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव–धुळे शाखा सुरू झाल्या. त्यानंतरच्या काळात पाचोरा–जामनेर हा अरुंद मार्गही अस्तित्वात आला. अशा रीतीने खानदेशात लोहमार्गांचे जाळे विणले गेले.

भुसावळ हे गाव तर रेल्वेनेच घडविले. इंजिनांचे शेड, मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड, रेल्वे वसाहती आणि पुढे प्रशिक्षण संस्था यांमुळे एका लहानशा खेड्याचे रूपांतर देशातील प्रमुख जंक्शनात झाले. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. भुसावळच्या कारखान्यात व शेडमध्ये हजारो हात राबत होते, पण इंजिन परदेशातून येत होते. मेलगाडीचा चालक दीर्घकाळपर्यंत युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असे. उच्च अभियंता पदांपर्यंत हिंदी माणूस पोहोचावयास अनेक दशके जावी लागली. सरकारने ही कंपनी १९०० मध्ये विकत घेतली, पण तिचा कारभार कंपनीकडेच राहिला. तो प्रत्यक्ष सरकारच्या हाती आला तो १ जुलै १९२५ रोजी.

जपानचा प्रारंभ

वरणगाववरून गाड्या धावू लागल्या तेव्हा जपानमध्ये लोहमार्गाचा एक फूटही नव्हता. जपानचा पहिला मार्ग तोक्योतील शिम्बाशी ते योकोहामा हा सुमारे २९ किलोमीटरचा होता. सम्राट मेइजी यांच्या उपस्थितीत १४ ऑक्टोबर १८७२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या वेळी हिंदुस्थानात साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लोहमार्ग तयार होते. म्हणजे काळाने एकोणीस वर्षे आणि विस्ताराने कित्येक पटींनी आपण पुढे होतो.

जपाननेही प्रारंभी ब्रिटिशांचेच साहाय्य घेतले. मुख्य अभियंता एडमंड मोरेल हा इंग्रज होता. मार्ग पूर्ण होण्यापूर्वीच, १८७१ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. इंजिने, रूळ, डबे इंग्लंडहून आले. १८७० मध्ये लंडनच्या बाजारात ९ टक्के व्याजाने १० लक्ष पौंडांचे कर्ज उभारण्यात आले व त्यातील काही भाग रेल्वेसाठी वापरला गेला. हे व्याज चढे होते. परंतु मार्गाची मालकी जपानी शासनाचीच राहिली, आणि हाच दोन्ही देशांतील मूलभूत फरक ठरला. हिंदुस्थानने परताव्याची हमी दिली व निर्णय गमावले. जपानने महाग कर्ज घेतले व निर्णय स्वतःकडे ठेवले.

या निर्णयस्वातंत्र्याचा उपयोग ज्याने करून घेतला तो इनोउए मासारू. चोशू प्रांतातील पाच तरुण १८६३ मध्ये, परदेशगमनावर बंदी असताना, गुप्तपणे इंग्लंडला गेले. इनोउए त्यांपैकी एक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिक्षण घेऊन तो परतला आणि रेल्वे विभागाचा प्रमुख झाला. त्याने १८७७ मध्ये ओसाका येथे अभियंत्यांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. त्यातून तयार झालेल्या तरुणांनी क्योतोजवळील ओसाकायामा बोगदा १८८० मध्ये पूर्ण केला. परदेशी अभियंत्याच्या देखरेखीशिवाय जपानी लोकांनी खोदलेला हा पहिला डोंगरी बोगदा होय. त्याची लांबी सुमारे ६६५ मीटर, म्हणजे बोरघाटातील कामाच्या मानाने ती लहानच. पण बोगद्याचे महत्त्व लांबीत नसून तो कोणी खोदला यात आहे. परदेशी तज्ज्ञ हा शिक्षक आहे, आणि शिक्षकाची गरज संपावी यासाठीच शिकावयाचे असते, ही दृष्टी त्यामागे होती.

इंजिनाच्या बाबतीतही हेच दिसते. जपानमध्ये बांधलेले पहिले वाफेचे इंजिन १८९३ मध्ये कोबे येथील कारखान्यातून बाहेर पडले. त्याची देखरेख रिचर्ड फ्रान्सिस ट्रेविथिक या इंग्रजाकडे होती. वाफेच्या इंजिनाचा आद्य निर्माता रिचर्ड ट्रेविथिक याचा तो नातू. हिंदुस्थानातही अजमेर येथे १८९५ मध्ये इंजिन तयार झाले होते. म्हणजे कारागिरीत आपण मागे नव्हतो. परंतु जपानमध्ये त्या पहिल्या इंजिनातून एक उद्योग उभा राहिला, तर आपल्याकडे इंग्लंडमधील कारखान्यांचे हितसंबंध आडवे आले. चित्तरंजनच्या कारखान्यातून इंजिने बाहेर पडण्यास १९५० साल उजाडावे लागले.

जपानच्या वाटचालीत चुका नव्हत्या असे मात्र नाही. त्याने १०६७ मिलिमीटरचे अरुंद मापन स्वीकारले. ते स्वस्त व डोंगराळ मुलखाला सोयीचे होते, पण पुढे वेगाला व वजनाला त्याने मर्यादा घातली. रुळांचे अंतर वाढवावे असा आग्रह गोतो शिम्पेई यांनी धरला होता, तर त्याच पैशात गावोगावी नवे मार्ग न्यावेत असा हारा ताकाशी यांच्या पक्षाचा आग्रह होता. दुसरा पक्ष सरस ठरला. आपल्या मतदारसंघाकडे रूळ ओढून नेण्याच्या या प्रवृत्तीला जपानी भाषेत ‘आपल्याच शेतात रेल्वे वळविणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. पाटाचे पाणी आपल्या वाफ्याकडे वळवून घेणारा शेतकरी तापीकाठीही अपरिचित नाही.

दातर्तीहून जपानकडे

जपानविषयीच्या आदराचा खानदेशाशी येणारा एक जुना संबंध येथे सांगणे अगत्याचे आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिकनंतर त्यांची नेमणूक खानदेशात झाली. धुळ्याजवळ पांझरा नदीवरील दातर्ती येथे नळाचा वक्रमार्ग बांधून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. नदीला वारंवार येणाऱ्या पुरामुळे हे काम अतिशय कष्टाचे ठरले, पण त्यांनी ते तडीस नेले.

याच अभियंत्याने १८९८ मध्ये रजा घेऊन जपानचा दौरा केला. उद्योग, शिक्षण व शासनव्यवस्था यांची घडण तेथे कशी झाली, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे होते. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला व त्यानंतर जपानच्या गौरवाची लाट हिंदुस्थानभर उसळली. विश्वेश्वरय्यांची भेट त्याच्या सात वर्षे आधीची आहे. आरमाराचा विजय पाहून नव्हे, तर शाळा व कारखाने पाहून त्यांचा जपानविषयी आदर दृढ झाला. पुढे १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया’ या ग्रंथातही जपानचे उदाहरण महत्त्वाचे ठरले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाही जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करण्याची प्रेरणा मिळाली.

तात्पर्य, महाराष्ट्रातील जपानप्रेमाला दोन प्रवाह आहेत. एक विजयाकडे पाहून दिपून जाणारा, तर दुसरा संस्थांकडे पाहून शिकू इच्छिणारा. रेल्वेविषयीच्या आदरातही हेच दोन प्रवाह आढळतात.

सन १९६४

वरणगावच्या इतिहासात १९६४ हे वर्ष आयुध निर्माणीच्या स्थापनेचे वर्ष म्हणून ओळखले जाते. गावाची वस्ती वाढली, पाळीनुसार कामावर जाणारा नवा वर्ग निर्माण झाला व गावाला घड्याळाची सवय लागली. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर रोजी, तोक्यो ते शिन-ओसाका या ५१५ किलोमीटरच्या मार्गावर शिनकान्सेन सुरू झाली. तिचा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता. प्रारंभी या प्रवासास चार तास लागत. पुढील वर्षीच तो तीन तास दहा मिनिटांवर आला.

जग विमान व मोटार यांकडे वळत असताना रेल्वेत एवढी गुंतवणूक करणे हा वेडेपणा आहे, असे म्हणणारे जपानमध्येही पुष्कळ होते. जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी व मुख्य अभियंता शिमा हिदेओ यांनी हा प्रकल्प रेटून नेला. जागतिक बँकेने १९६१ मध्ये त्यासाठी ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खर्च मात्र मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट होऊन सुमारे ३८,००० कोटी येनांवर गेला. परिणामी, उद्घाटनापूर्वीच, १९६३ मध्ये, दोघांनाही पदे सोडावी लागली.

या गाडीचे सामर्थ्य केवळ वेगात नव्हते. तिच्यासाठी १४३५ मिलिमीटर मापनाचा स्वतंत्र मार्ग बांधला गेला. त्यावर मालगाडी नाही, संथ गाडी नाही व रस्त्याचे एकही फाटक नाही. ओढणारे एकच इंजिन न ठेवता डब्यांखालीच मोटारी बसविण्यात आल्या. त्यामुळे वजन विभागले गेले, रुळांवरील ताण घटला व वेग घेणे आणि थांबणे दोन्ही सुलभ झाले. रुळाकडेच्या सिग्नलवर विसंबून न राहता अनुज्ञेय वेग चालकासमोरच दर्शविण्याची व तो ओलांडल्यास आपोआप ब्रेक लावण्याची योजना केली गेली. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत प्रवासी गाड्या बंद ठेवून तो वेळ केवळ देखभालीसाठी राखून ठेवला जातो. भुसावळ–नागपूर मार्गासारख्या, एक्सप्रेस, मालगाडी व थांबत जाणारी गाडी यांना एकाच रुळावर सामावून घेणाऱ्या मार्गाशी या व्यवस्थेची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही. वक्तशीरपणा हा चालकाच्या स्वभावातून येतो त्याहून अधिक मार्गाच्या रचनेतून येतो.

जपानी तंत्र वरणगाववरूनही धावत होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. १९६० च्या सुमारास मित्सुबिशीने बांधलेली विद्युत इंजिने भारतीय रेल्वेत आली. पुढे १९९० च्या दशकात चित्तरंजन येथे तयार झालेल्या डब्ल्यूएजी-७ व डब्ल्यूएपी-४ या इंजिनांत हिताची बनावटीच्या आराखड्याच्या ट्रॅक्शन मोटारी बसविण्यात आल्या. लेखकाच्या वहीत ज्या इंजिनांचे क्रमांक आहेत, त्यांतील कित्येक या जातीची आहेत. जपान दूर आहे असे समजून त्याच्याविषयी वाचत असताना त्याचा एक अंश समोरून घोंघावत जात होता.

अपघातांनी शिकविलेले

जपानी रेल्वेविषयीचा खरा आदर निर्माण होतो तो तिच्या अपघातांचा इतिहास वाचल्यावर, असे विधान विरोधाभासात्मक वाटेल. परंतु पुढील घटनाक्रम पाहता ते पटावे.

दि. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामा येथील साकुरागिचो स्थानकात लोंबकळणाऱ्या विद्युत तारेमुळे एका लोकल गाडीस आग लागली. दारे आतून उघडता आली नाहीत व लहान चौकटींच्या खिडक्यांतून बाहेर पडणेही शक्य झाले नाही. १०६ प्रवासी मृत्युमुखी पडले. याच दुर्घटनेनंतर शिमा हिदेओ यांनी रेल्वे सोडली होती. ते परतले १९५५ मध्ये, सोगो यांच्या आग्रहावरून. या अपघाताचा धडा म्हणून संकटकाळी प्रवाशांना हाताने दार उघडता यावे अशी कळ डब्यांत ठळकपणे दर्शविण्यात आली.

त्यानंतर ३ मे १९६२ ची रात्र आली. तोक्योतील मिकावाशिमा स्थानकाजवळ सिग्नल ओलांडून घसरलेल्या मालगाडीवर एक प्रवासी गाडी आदळली. या धडकेत जीवितहानी मर्यादित होती. पण घाबरलेल्या प्रवाशांनी तीच कळ फिरवून दारे उघडली व ते शेजारच्या रुळांवर उतरले. काही मिनिटांनी त्या रुळांवरून समोरून दुसरी गाडी आली. तिला थांबविण्याचा इशारा वेळेत कोणीही दिला नव्हता. एकूण १६० जणांचा बळी गेला. पहिल्या अपघातावरील उपायच दुसऱ्या अपघातात मृत्यूची वाट ठरला.

यावर जपानी रेल्वेने दारे पुन्हा कुलूपबंद केली नाहीत. प्रवासी रुळांवर उतरणारच, हे गृहीत धरून आसपासच्या सर्व गाड्या तत्काळ कशा थांबतील, या दिशेने विचार झाला. गाडीतून धोक्याचा रेडिओ-संदेश देण्याची व्यवस्था विकसित झाली व सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीस आपोआप थांबविणारी यंत्रणा १९६६ पर्यंत राष्ट्रीय रेल्वेच्या सर्व मार्गांवर बसविण्यात आली.

खानदेशातील वाचकाला हा वृत्तान्त वाचताना दुसरीच तारीख आठवल्याशिवाय राहणार नाही. दि. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात माहेजी व परधाडे या स्थानकांदरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण चिरडले गेले. मिकावाशिमा व परधाडे यांच्यामध्ये बासष्ट वर्षांचे व हजारो मैलांचे अंतर आहे, पण मृत्यूची रीत एकच आहे. रुळांवर उतरलेल्या माणसाला दोष देऊन हा विषय मिटविता येतो. तो तसा न मिटविणे, हेच मिकावाशिमाचे शिक्षण आहे. धूर किंवा आगीची हाक ऐकल्यावर माणूस बाहेर उडी घेतो, हे मानवी आहे. व्यवस्थेने त्या माणसाला धरूनच आपला आराखडा करावयाचा असतो.

चालक व कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, ही जपानची सुप्रसिद्ध पद्धतीही याच विचारातून दृढ झाली. १९९४ मध्ये तेथील रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात, या पद्धतीमुळे साध्या कामातील चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडेही चालक व साहाय्यक चालक यांनी प्रत्येक सिग्नल परस्परांना मोठ्याने सांगावा असा नियम आहे आणि जाणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखविण्याची चाल वरणगावच्या फलाटावर लेखकाने लहानपणापासून पाहिली आहे. नियम दोन्हीकडे आहेत. जपानचे वेगळेपण असे की, त्याने सवयीची उपयुक्तता मोजून पाहिली व तिला विज्ञानाचा आधार दिला.

शिनकान्सेनच्या इतिहासात धडक वा गाडी घसरणे या कारणाने एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. २००४ मध्ये निइगाता परिसरातील भूकंपात धावती गाडी रुळांवरून घसरली, तरी दीडशेहून अधिक प्रवासी सुखरूप राहिले. २०११ च्या महाभूकंपात पूर्वसूचना यंत्रणेने वीजपुरवठा खंडित केला व प्रवाशांना घेऊन धावणाऱ्या शिनकान्सेन गाड्या जीवितहानी न होता थांबल्या. तथापि १९९५ मध्ये मिशिमा स्थानकात दारात अडकून एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता, हेही नोंदविले पाहिजे.

आदराची मर्यादा

आदर डोळस असेल तरच तो अभ्यासाच्या कामी येतो. दि. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे फुकुचियामा मार्गावरील लोकल गाडी वळणावर घसरून एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ जण ठार झाले. ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडीचा वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर होता. आधीच्या स्थानकावर गाडी पुढे गेल्याने सुमारे दीड मिनिटाचा उशीर झाला होता. चूक करणाऱ्या चालकांना ज्या अपमानास्पद ‘पुनर्शिक्षणा’ला सामोरे जावे लागे, त्याची धास्ती या तरुण चालकाच्या मनात होती. जो वक्तशीरपणा व्यवस्थेतून येतो तो रक्षण करतो, पण जो भीतीतून येतो तो घात करतो. जपानी रेल्वेचा हा सर्वांत कटू धडा होय.

दुसरी मर्यादा आर्थिक आहे. शिनकान्सेन सुरू झाली त्याच वर्षी राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली. १९८७ पर्यंत तिचे कर्ज सुमारे ३७ लक्ष कोटी येन झाले होते. त्या वर्षी १ एप्रिलला तिचे विभाजन करून सहा प्रवासी कंपन्या व एक मालवाहतूक कंपनी निर्माण करण्यात आल्या. कर्जाचा मोठा भार अखेरीस जनतेवरच पडला. ग्रामीण भागातील अनेक शाखा बंद झाल्या. होक्काइदोतील एक आडवळणी स्थानक एका शाळकरी मुलीसाठीच चालू ठेवले होते, ही हृद्य कथा आपल्याकडेही फार वाचली गेली. ती जशी सांगितली जाते तशी खरी नाही. क्यू-शिराताकी नावाचे ते स्थानक मार्च २०१६ मध्ये बंद झाले ते प्रवासी उरले नाहीत म्हणून, आणि बंद करण्याची वेळ नव्या वेळापत्रकाशी निगडित होती. आदर वाटावा म्हणून जपानला दंतकथेची गरज नाही. उलट पाचोरा–जामनेरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली तेव्हा या खोऱ्यातील लोकांना जे वाटले, तेच होक्काइदोतील खेडुतांनाही वाटले असेल, ही जाणीव अधिक मोलाची आहे.

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती मार्ग हा या आदराचा सर्वांत अलीकडचा अध्याय आहे. डिसेंबर २०१५ मध्ये भारत व जपान यांच्यात करार झाला आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी कोनशिला बसविण्यात आली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर १२ स्थानके योजिलेली असून, खर्चाच्या ८१ टक्के भागासाठी ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षे मुदतीचे जपानी कर्ज ठरले. हा मार्ग खानदेशातून जात नाही. डब्यांखाली मोटारी असलेली वंदे भारत गाडी मात्र २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्यात आपल्याच अभियंत्यांनी घडविली. इनोउएने ओसाकायामा बोगद्यात जे साधले, त्याच्याशी या दुसऱ्या घटनेचे नाते अधिक जवळचे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. लोहमार्गाच्या बाबतीत भारत जपानच्या एकोणीस वर्षे पुढे होता. पुढील तफावत ही लोकांच्या गुणांची नसून निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता याची आहे.

२. महाराष्ट्रातील जपानविषयक आदर विजयापासून वेगाकडे व वेगापासून संस्थाजीवनाकडे असा प्रवास करतो. विश्वेश्वरय्यांची दृष्टी पहिल्यापासून संस्थांकडे होती व ती आजही मार्गदर्शक ठरावी.

३. जपानी रेल्वेची सुरक्षितता अपघातांच्या निर्भीड चिकित्सेतून घडली आहे. एका अपघाताचा उपाय दुसऱ्या अपघाताचे कारण होऊ शकतो, हे मान्य करण्याची तयारी त्यात अंतर्भूत आहे.

४. भीतीवर आधारलेली वक्तशीरता घातक असते, हे आमागासाकीने दाखवून दिले.

वरणगावच्या फलाटावर बसून क्रमांक टिपणाऱ्या मुलाला गाडी किती वेगाने गेली याचे अप्रूप होते. पुढे ती वेळेवर गेली का, हे तो पाहू लागला. आता या वयात, थांबलेल्या गाडीतून घाबरून उतरणारा माणूस सुखरूप घरी पोहोचेल का, हा प्रश्न त्याला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जपानला या प्रश्नाचे उत्तर शोधावयास मिकावाशिमाची रात्र पाहावी लागली. परधाडेच्या त्या सायंकाळचा धडाही कोठेतरी लिहिला जाऊन तो पाळला जावा, एवढीच अपेक्षा या निबंधाच्या अखेरीस व्यक्त करावीशी वाटते.